जहाजावरचं क्रेडिट, बंदरावरचं चलन : दिग्रस ते फुकेत, सात दिवसांचा हिशेब

क्रूझचं पॅकेज विकताना एजंट एक वाक्य हमखास जोडतो, "वरून शंभर डॉलरचं ऑनबोर्ड क्रेडिट फ्री." ऐकणाऱ्याला वाटतं, जहाजावर पाय ठेवला की शंभर डॉलर हातात पडतील. तसं होत नाही. ही रक्कम केबिनच्या खात्यावर जमा दाखवतात, जहाजावरच्या खर्चातून ती वळती होते आणि उरली तर बहुतेक वेळा बुडते. तूर-कापसाचे चुकारे जमवून, घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा समुद्र दाखवायचा म्हणून निघालेल्या घराचे पैसे अशा बारीक जागी गळू नयेत, एवढ्यासाठी हा प्रवास पैशांच्या अंगानं लिहिला आहे.

मार्ग असा : दिग्रसहून नागपूर, तिथून सिंगापूर, मग चार रात्रींची क्रूझ. मलेशियातलं पेनांग, थायलंडचं फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर. हिशेबाला एकाच घरच्या तीन केबिन धरल्या आहेत. एकीत आई-बाबा, दुसरीत मोठे भाऊ-वहिनी आणि दोन लेकरं, तिसरीत धाकटे दोघं. जहाजाचं चलन अमेरिकन डॉलर. दर तर रोज हलतो. आकडेमोड सोपी जावी म्हणून अमेरिकन डॉलर 90 रुपये, सिंगापूर डॉलर 70 आणि थाई बाट 2.80 रुपये धरला आहे.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

खरं काम इथेच आहे. एजंटला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तोंडी न घेता मेलवर किंवा पावतीवर घ्या. क्रेडिट कोण देतंय, क्रूझ कंपनी की एजंट स्वतः? कोणत्या चलनात? केबिनमागे की माणशी? आणि न वापरलेली रक्कम परत मिळते का?

चलनाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण 100 अमेरिकन डॉलर म्हणजे 9,000 रुपये आणि 100 सिंगापूर डॉलर म्हणजे 7,000. नुसतं "शंभर डॉलर" ऐकून आलात तर दोन हजारांचा फरक जहाजावर गेल्यावर कळतो. क्रेडिट बहुतेक वेळा केबिनमागे असतं, त्यामुळे दोन माणसांच्या केबिनला 200 मिळतील असं धरून चालू नका. एजंटनं स्वतःकडून दिलेलं क्रेडिट कंपनीच्या ॲपवर लगेच दिसेलच असं नाही, ते कधीकधी निघायच्या तोंडावर चढतं. म्हणून बुकिंग नंबरासकट लेखी हवं. जहाजावरच्या काउंटरला तुमच्या एजंटचा शब्द माहीत नसतो.

यातून एक निर्णय आत्ताच घ्यावा लागतो, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात. जहाजावर दर माणसामागे रोजची सेवा-टिप लागते, ग्रॅच्युइटी म्हणतात तिला. माणशी रोजचे 18 डॉलर धरले तर आई-बाबांच्या केबिनचे चार रात्रींचे 144 डॉलर होतात. लेकरांनाही ती लागते. एजंट विचारतो, "ग्रॅच्युइटी आत्ताच भरून टाकू का, तिकडे डोक्याला ताप नको?" केबिनवर परत न मिळणारं क्रेडिट असेल तर नाही म्हणा. ती जहाजावर खात्यात चढू द्या. 100 डॉलरचं क्रेडिट तिच्यातच पूर्ण जिरतं आणि वर फक्त 44 डॉलर भरावे लागतात. तेच 144 आधी भरून बसलात, तर शेवटच्या रात्री 100 डॉलर संपवायला दुकानात नको ते घ्यावं लागतं. क्रेडिट ग्रॅच्युइटीला लागू होतं ना, एवढं आपल्या कंपनीच्या नियमात पाहून घ्या.

आता कार्ड. जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा, डेबिट कार्ड शक्यतो नको. जहाज पहिल्या दिवशी काही रक्कम अडकवून ठेवतं, खर्च वाढला की आणखी अडकवतं. क्रेडिट कार्डावर त्यानं फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात, आणि शेवटचं बिल वेगळं कापलं जातं. अडकलेले सुटायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तोवर एकाच खर्चाचे पैसे दोनदा गेल्यासारखे दिसतात. फॉरेक्स कार्ड हेसुद्धा आधी पैसे भरलेलं कार्डच, तिथेही हाच घोळ. ते बंदरावरच्या खर्चासाठी ठेवा. जिल्हा बँकेचं किंवा पतसंस्थेचं साधं देशी रुपे कार्ड आणि किसान क्रेडिट कार्ड इथे कामाचं नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं.

भारतातल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेचा तो नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू आहे. बँकेच्या ॲपमध्ये दुकानातलं मशीन, ऑनलाइन, एटीएम आणि टॅप करून पैसे देणं, या प्रत्येकाचं बटण वेगळं असतं. सगळी पाहून हवी ती घरीच सुरू करा आणि मर्यादाही तिथेच वाढवा. ओटीपी दिग्रसमध्ये येतो, भर समुद्रात येत नाही. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप लागणार असेल तर त्यात कार्डही घरूनच जोडून ठेवा. ते सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड तिन्हीकडे चालतं.

कार्डावर परदेशी चलनाचं शुल्क बहुधा 2 ते 3.5 टक्के असतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. 300 डॉलरचं बिल 27,000 रुपयांचं, त्यावर 3.5 टक्क्यांनी 945, वर जीएसटी 170, म्हणजे एकूण 28,115. हे शुल्क न लावणारी कार्डंही मिळतात. तीन केबिनचा खर्च एकाच कार्डावर जाणार असेल तर असं कार्ड आधी काढून घेणं परवडतं.

आणि टीसीएस. परदेशी पॅकेजच्या किमतीवर एजंट हा कर वेगळा घेतो. तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. आपल्याकडे अनेक घरांत उत्पन्न फक्त शेतीचं, त्यावर कर नाही, म्हणून रिटर्न भरायची सवयच नसते. मग हजारो रुपये सरकारकडे तसेच पडून राहतात. कोणाच्या पॅनवर पावती फाडली ते पाहा आणि त्या माणसाचं त्या वर्षीचं रिटर्न नक्की भरा.

दिवस पहिला : दिग्रस ते नागपूर, रात्रीचं विमान

पहाटे निघून यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी करत नागपूर. परदेशी नोटा घ्यायच्या त्या शहरातच घ्या, विमानतळावर दर हमखास पडेल असतो. तालुक्याच्या बँकेत विदेशी नोटा सहसा मिळत नाहीत, तेव्हा नागपुरातल्या किंवा अमरावतीतल्या रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरला दोन दिवस आधी फोन करून सिंगापूर डॉलर ठेवायला सांगा. पासपोर्ट, पॅन, तिकीट लागतं. 50,000 रुपयांपर्यंतच रोख चालते, त्यावरचे पैसे बँक खात्यातून द्यावे लागतात. बाजारातून आलेली नोटांची गड्डी घेऊन गेलात तर परत यावं लागेल.

दर विचारताना "एवढ्या सिंगापूर डॉलरला सगळं मिळून किती रुपये" असं विचारा. नुसता दर चांगला सांगून वर सेवा-शुल्क लावणारे असतात. एक लाखापर्यंतच्या खरेदीत रकमेचा 1 टक्का धरून त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, निदान 45 रुपये. म्हणजे 80,000 च्या खरेदीला 144 रुपये. पावतीवर याहून जास्त कर दिसला तर तिथेच विचारा. पावती जपून ठेवा, उरलेल्या नोटा परत विकताना कामी येते.

नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, शाईची रेघ नसलेल्या घ्या. अमेरिकन डॉलर घेत असाल तर ही काळजी दुप्पट. तिकडचे मनी चेंजर दुमडून झिजलेली किंवा जुन्या छपाईची नोट नाकारतात, आणि लहान नोटांना 100 च्या नोटेपेक्षा कमी दर देतात.

भारतीय रुपये माणशी 25,000 पर्यंतच बाहेर नेता येतात. तिकडे त्यांचा फारसा उपयोगही नाही. परत आल्यावर नागपूर ते घर एवढ्यापुरते ठेवा.

दिवस दुसरा : सिंगापूर

मेट्रोत व्हिसा-मास्टरकार्ड थेट टॅप करून जाता येतं. परदेशी कार्डावर प्रवास केलेल्या दिवसाला 60 सेंट जास्तीचे लागतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एकाच कार्डावर आठ जणांना आत जाता येत नाही.

संध्याकाळी लिटिल इंडियात मुस्तफा सेंटरकडे जा. तिथल्या आणि आसपासच्या मनी चेंजरांत चुरस असते, म्हणून सिंगापूर डॉलरवरून मलेशियाचे रिंगिट आणि थायलंडचे बाट घ्यायला ही जागा चांगली. नागपुरात रुपयाचे रिंगिट मागितले तर मिळणं अवघड आणि दर वाईट. रुपयाचे अमेरिकन डॉलर, त्याचे सिंगापूर डॉलर, त्याचे रिंगिट अशी साखळी केली तर प्रत्येक टप्प्यावर कट्टी लागते. रुपये ते सिंगापूर डॉलर, आणि त्यातून थोडे रिंगिट-बाट, एवढंच करा.

किती घ्यायचे? पेनांगला माणशी 50 रिंगिट पुरतात. फुकेतला गाडी करून फिरायचं असेल तर केबिनमागे 2,000 बाट. नाणी परत कुठेच बदलून मिळत नाहीत.

दुकानातलं मशीन विचारतं, रुपयात पैसे देणार की सिंगापूर डॉलरमध्ये? रुपयाचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे जातं. त्या आकड्यात दुकानाच्या बाजूनं लावलेला वाढीव दर असतो, आणि आपल्याकडच्या काही बँका अशा व्यवहारावरही वेगळं शुल्क घेतात. नेहमी त्या देशाचं चलन निवडा. विक्रेत्यानं स्वतःच बटण दाबलं असेल तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा.

दिवस तिसरा : जहाजावर

मरीना बे क्रूझ सेंटरवर चेक-इन होतं आणि प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच जहाजावरचं पैशाचं पाकीट. यानंतर उतरेपर्यंत जहाजावर रोख किंवा यूपीआय चालत नाही, प्रत्येक खर्च या कार्डावर चढतो.

केबिनमध्ये सामान टाकून आधी खातं उघडून पाहा, ॲपवर किंवा टीव्हीवर. क्रेडिटची ओळ उणे चिन्हानं दिसते. नसेल तर त्याच दुपारी एजंटचा मेल घेऊन गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे जहाजावरच्या चौकशी-काउंटरला जा. जहाज बंदरात आहे तोवर तुमचा फोन लागतो, एजंटला बोलता येतं. रात्री समुद्रात गेल्यावर ती सोय जाते.

तिथे हा संवाद ठरलेला.

"काहून जी, पैसे आमचेच आहेत तर रोख काहून भेटत नाहीत?"

"काकाजी, हे परत न मिळणारं क्रेडिट आहे. खर्चातूनच वळतं होईल."

काउंटरवरची मुलगी अर्थात इंग्रजीत सांगते, पण मतलब एवढाच. परत मिळणारं क्रेडिट वेगळं असतं. जहाजानं एखादी सहल रद्द केली की तिचे पैसे बहुतेक तसे येतात, आणि उरले तर कार्डावर किंवा रोख मिळतात. खात्यात दोन्ही असतील तर आधी कोणतं वापरलं जातं ते विचारून घ्या. कॅसिनोत सहसा कोणतंच चालत नाही.

तिन्ही केबिन मोठ्या भाऊंच्या कार्डाला जोडता येतात. पण क्रेडिट ज्या केबिनचं त्याच केबिनचं राहतं, आई-बाबांचे उरलेले 30 डॉलर धाकट्यांच्या बिलात वळवून मागितले तर नाही म्हणतात. उपाय असा, की सगळ्यांचा मिळून होणारा खर्च, म्हणजे एखादं वेगळं जेवण किंवा किनाऱ्यावरची सहल, क्रेडिट शिल्लक असलेल्या केबिनच्या कार्डावर घ्या. लेकरांच्या कार्डावरचा खर्च काउंटरवर सांगून बंद करा, नाहीतर व्हिडिओ गेमच्या खोलीत दहा-दहा डॉलर कधी उडाले ते कळत नाही. कार्डच नसलेल्या माणसाला रोख भरून खातं उघडता येतं, मात्र डॉलरच्या नोटा लागतात आणि ते संपले की कार्ड अडतं.

फोन विमान-मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं जातं, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं आणि चार मिनिटांचं बिल हजारांत जातं.

पहिल्या कॉफीची पावती नीट पाहा. मुख्य जेवणघर आणि बुफे पॅकेजमध्ये, तिथला चहा आणि पाणीही. कॉफी बार, कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी वेगळं. 5 डॉलरच्या कॉफीवर 18 टक्के टिप आधीच छापलेली असते, एकूण 5.90. त्याखाली आणखी एक रिकामी ओळ असते, जास्तीच्या टिपेची. भलेपणानं माणसं तिथेही एक-दोन डॉलर लिहून देतात आणि टिप दोनदा जाते. रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारा, एकूण रकमेत 5.90 लिहा, मग सही.

दिवस चौथा : पेनांग

जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागतं, जुनं शहर आणि तिथलं लिटिल इंडिया पायी फिरण्यासारखं आहे. इथे पैशांचं फारसं काही घडत नाही. रिंगिट कमी पडले तर शहरात सिंगापूर डॉलर बदलून मिळतात. जहाजावरच्या काउंटरवर चलन बदलण्याची सोय असली तरी दर कमी आणि नोटा मोजक्या, ती अडचणीपुरतीच. परतताना नाणी आधी खर्चून टाका.

दिवस पाचवा : फुकेत

इथे रोख लागते. किनाऱ्यावरच्या गाड्या, शहाळं, छोटी दुकानं बाटच मागतात. बाट सिंगापूरहून आणले नसतील तर एटीएमकडे धाव घेतली जाते, आणि तिथलं गणित वाईट आहे. थायलंडचं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी निदान 220 बाट लावतं, म्हणजे 616 रुपये. 2,000 बाट काढले तर 11 टक्के शुल्कातच गेले, आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. काढायचेच असतील तर तिन्ही केबिनचे मिळून एकदाच काढा. एटीएमही रुपयात हिशेब करू का असं विचारतं, तो पर्याय नाकारा. फॉरेक्स कार्डावर फक्त सिंगापूर डॉलर भरले असतील आणि त्यातून बाट काढले, तर एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचं शुल्क लागतं, काही कार्डांवर ते 3.5 टक्के असतं.

किनाऱ्याची सहल जहाजाकडून घेतली तर ती केबिनच्या खात्यात चढते आणि क्रेडिट वापरलं जातं. बाहेरची गाडी बहुतेक वेळा स्वस्त पडते. क्रेडिट ग्रॅच्युइटीत जिरणारच असेल तर बाहेरची गाडी घ्या. बुडणार असेल तर जहाजाची सहल घ्या.

दिवस सहावा : समुद्रात

सकाळीच, नऊच्या आत, तिन्ही केबिनची बिलं काढा. रात्री काउंटरला मोठी रांग लागते. प्रत्येक ओळ वाचा. चुका साधारण ठरलेल्या असतात : रद्द केलेलं जेवण चढलेलं, फ्रिजमधली न उघडलेली बाटली लावलेली, शेजारच्या टेबलाची पावती आपल्या केबिनवर, आधीच भरलेली ग्रॅच्युइटी पुन्हा धरलेली. ग्रॅच्युइटी काही कंपन्या रोज चढवतात, काही मध्येच एकदम. म्हणून कालपर्यंत क्रेडिट भरपूर शिल्लक दिसलं तरी ती चढली का ते पाहूनच खर्चाचा विचार करा, नाहीतर शिल्लक समजून दुकानात 60 डॉलर घालवाल आणि रात्री ग्रॅच्युइटी अंगावर येईल.

आई-बाबांचं बिल असं दिसावं : ग्रॅच्युइटी 144, दोन कॉफी 11.80, क्रेडिट उणे 100, देणं 55.80 डॉलर. घडी अशी बसली तर क्रेडिटचा पै न पै कामी आला. त्या केबिनवर तरीही काही बुडणारं उरलंच असेल तर दुपारी सगळ्यांची कॉफी किंवा कपड्यांची धुलाई त्यावर करा. 11 डॉलर वाचवायला 40 डॉलरचं घड्याळ घेऊ नका, ते 11 सोडून द्या.

जहाजावरच्या डॉक्टरकडे गेलात तर तेही बिल या खात्यात चढतं आणि ते मोठं असतं. प्रवास विम्याचे पैसे नंतर मिळतात, त्यासाठी डॉक्टरचा कागद आणि सविस्तर बिल दोन्ही जहाजावरच मागून घ्या.

बिल कोणत्या चलनात कापणार तेही आज विचारा. काही जहाजांवर कार्डाच्या देशावरून रुपयात बिल लावायची पद्धत आपोआप सुरू असते. ती नको, डॉलरमध्येच कापा, असं शेवटच्या रात्रीआधी सांगावं लागतं.

दिवस सातवा : सिंगापूर, मग घर

पहाटेपर्यंत कार्डावर बिल लागलेलं असतं. रोख भरलेल्या खात्यातले उरलेले डॉलर उतरण्याआधी काउंटरवरून घ्या. खात्याची पूर्ण प्रत ॲपवरून उतरवून किंवा छापून घ्या. काही दिवसांनी ॲपवर ती सापडत नाही.

उरलेले रिंगिट आणि बाट सिंगापुरातच बदला, नागपुरात त्यांना गिऱ्हाईक कमी. सिंगापूर डॉलर नागपूरच्या मनी चेंजरला पावती दाखवून विका. परत आल्यापासून 180 दिवसांत उरलेलं परदेशी चलन परत करावं असा नियम आहे. 2,000 अमेरिकन डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात.

नंतरचे तीन आठवडे कार्डाचं विवरण पाहत राहा. अडकवलेली रक्कम सुटली का, परत मिळणारं क्रेडिट जमा झालं का, आणि उतरल्यावर एखादा उशिराचा खर्च लावला का. खात्याच्या प्रतीत नसलेली रक्कम दिसली तर आधी क्रूझ कंपनीला मेल करा, आणि आठवड्यात उत्तर आलं नाही तर ती प्रत जोडून बँकेकडे त्या व्यवहाराची तक्रार नोंदवा.